कंपवाताच्या रुग्णासाठी वेगळे केंद्र कशाला?

वयस्कांची संख्या वाढते आहे, तशी कंपवाताच्या, म्हणजे पार्किन्सन्सच्या रुग्णांसाठी खास केंद्रांची गरजही वाढते आहे. म्हातारपणी हात थरथरायचेच, त्यासाठी वेगळे केंद्र कशाला, असे कुणी विचारील. उत्तरासाठी आपल्याला मेंदूत डोकवावे लागेल.

लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली सहा रुग्णांवरून या विकाराचे वर्णन केले. मेंदूच्या तळाकडे काळसर पेशींचा एक पुंजका असतो. या पेशी डोपामिन हे रसायन तयार करतात. मनात आलेली हालचाल सुरू होणे, ती सहज चालू राहणे यासाठी डोपामिन लागते. कंपवातात या पेशी मरत जातात. मग हालचाल मंदावते, स्नायू ताठरतात, अक्षर बारीक होते, चेहरा निर्विकार दिसतो. काहींना थरथर नसतेच. अशा वेळी घरच्यांना तो आळस किंवा हट्ट वाटतो.

डोपामिन रक्तातून मेंदूत शिरू शकत नाही. लेव्होडोपा शिरते आणि तिथे तिचे डोपामिन होते. मुळशीच्या मुलांना खाजकुइली ठाऊक असते. तिच्या बियांतून १९३७ साली मद्रासमध्ये हीच लेव्होडोपा वेगळी करण्यात आली होती. (बिया परस्पर खाऊ मात्र नयेत, त्यांतील प्रमाण नेमके नसते.) गोळीतली लेव्होडोपा रक्तात फार काळ टिकत नाही. आजार वाढला, की गोळीला तासभर उशीर झाला तरी चालता माणूस जागीच अडकू शकतो. डाळ, दूध, अंडी यांतील प्रथिनेही तिच्या शोषणाच्या आड येतात. म्हणून गोळी आणि जेवण यांच्या वेळा डॉक्टरांना विचारून बसवाव्या लागतात.

दुसरी गंमत पाहा. दारापाशी पाय जमिनीला खिळलेला रुग्ण समोर आडवी रेघ दिसली, की ती ओलांडून पुढे जातो. टाळीचा ठेकाही असेच काम करतो. आतून येणारी सूचना दुबळी झाली, तरी डोळ्यांनी वा कानांनी आलेली सूचना मेंदू वेगळ्या वाटेने वापरतो.

ही जाण असलेली माणसे एकत्र आली, की केंद्र घडू लागते. पुण्यात २००० सालच्या सुमारास रुग्ण व नातेवाईक यांनी पार्किन्सन्स मित्रमंडळ सुरू केले. पुढे नर्तक हृषीकेश पवार यांनी अशा रुग्णांसाठी नृत्याचे वर्ग घेतले. मुंबईतही २००१ पासून अशी संस्था काम करते आहे. यात मोठी यंत्रे नाहीत. आहे ती वेळेची शिस्त, व्यायाम, ठेका आणि न घाई करणारी माणसे.

मुळशीच्या आतल्या गावांतून पौड, पिरंगुट मागे टाकून पुण्याच्या मेंदूतज्ज्ञाकडे वरचेवर जाणे अवघड. निदान आणि औषध यांसाठी जावे लागेलच. पण रोजची काळजी घरीच घेतली जाणार. आम्हाला वाटते, इथे शिक्षकांची मोठी मदत होऊ शकेल. चेतासंस्थेचा पाठ शिकवताना हे सांगावे. गोळ्यांचे वेळापत्रक भिंतीवर लावणे, उंबऱ्याजवळ खडूची रेघ ओढणे, सोबत चालताना ‘एक-दोन’ म्हणणे मुलांना सहज जमेल. आणि आजोबा मुद्दाम उशीर करत नाहीत, हेही त्यांना कळेल.