शेअर्सवाल्यांचा कट्टा

बँकांचे शेअर्स आणि राजकारण यांची फारकत आमच्या कट्ट्यावर तरी कधी होत नाही. 'सरकारपुढे चार शेअर्सवाल्याला कोण विचारतो हो?' हा अण्णांचा ठरलेला सवाल. अशा वेळी मी कूपरसाहेबांचे नाव काढतो. १९ जुलै १९६९ रोजी सरकारने १४ बँका ताब्यात घेतल्या, तेव्हा रुस्तम कावसजी कूपर हे भागधारक (स्वतंत्र पक्षाचे, हे अण्णांना लगेच खटकते!) सर्वोच्च न्यायालयात गेले. बँकेची मालमत्ता म्हणजे भागधारकाची नव्हे, हा सरकारचा आक्षेप टिकला नाही. १० फेब्रुवारी १९७० रोजी कायदाच रद्द झाला. चारच दिवसांत नवा वटहुकूम निघाला आणि बँका सरकारकडेच राहिल्या. भरपाईचा आकडा मात्र या खेपेस बँकेगणिक कायद्यातच छापावा लागला. एकूण ८७ कोटी ४० लाख रुपये.