नऊही नाथ अवतारीच होते, मग गोरखनाथ पाठांतर का करत बसले होते?

रॉक ली भारी की नेजी? 'नारुतो' बघणाऱ्या कुठल्याही ग्रुपवर हा प्रश्न टाका आणि गंमत बघा. नेजीला घराण्याकडून डोळ्यांची शक्ती मिळालेली. रॉक लीला मंत्र-तंत्राची एकही विद्या जमत नाही, तो फक्त मरेस्तोवर सराव करतो. 'स्टार वॉर्स'मधल्या रे या नायिकेवरूनही 2015 पासून असंच भांडण चालू आहे. कुणी शिकवलेलं नसताना हिला सगळं कसं जमतं, असं विचारणारे एकीकडे, आणि शक्ती अंगातच असेल तर शिकायचं कशाला, असं म्हणणारे दुसरीकडे.

थोडक्यात वाद असा, की हिरो जन्माला येतो की घडवावा लागतो?

आता बीड जिल्ह्यात या. आष्टी तालुक्यातल्या सावरगावला, म्हणजे मायंब्याला, मच्छिंद्रनाथांची समाधी आहे. पाटोदा तालुक्यात चिंचोलीला गहिनीनाथगड आहे. येवलवाडीला जालिंदरनाथ आहेत. जिल्ह्याची हद्द ओलांडून पाथर्डी तालुक्यात गेलं की मढीला कानिफनाथ. गर्भगिरीच्या या डोंगरपट्ट्यात चमत्कार करणाऱ्या नाथांच्या गोष्टी सांगायला कॉमिक्स लागत नाहीत, आजी लागते. आणि आजीकडे असते 'नवनाथ भक्तिसार' ही पोथी.

धुंडीसुत मालू नरहरी या कवीने ही ओवीबद्ध पोथी शके 1741 मध्ये, म्हणजे 1819 साली पूर्ण केली. अध्याय 40. आजही कितीतरी घरांत श्रावणात तिचं नऊ दिवसांचं पारायण होतं. भाविकांसाठी नाथ हे दैवत आहे आणि त्या श्रद्धेला इथे हात लावायचा नाही. आपण फक्त पोथीतली कथा कथा म्हणून वाचू, कारण वरच्या वादाचं एक भन्नाट उत्तर तिच्यात आहे.

सगळेच अवतारी, मग फरक कशाचा?

पोथी सुरुवातीलाच जन्माचा प्रश्न निकालात काढते. नवनाथ म्हणजे नऊ नारायणांचे अवतार. कवी नारायण मच्छिंद्रनाथ झाले, हरी गोरखनाथ, अंतरिक्ष जालिंदरनाथ, प्रबुद्ध कानिफनाथ आणि असेच बाकीचे. जन्मही साधे नाहीत. कुणी माशाच्या पोटातून, कुणी यज्ञाच्या अग्नीतून, कुणी हत्तीच्या कानातून आलेला. गोरखनाथ तर बारा वर्षं शेणाच्या खड्ड्यात पडून राहिलेल्या भस्मातून निघाले.

आता कुठल्याही सिनेमात अशी एंट्री झाली की पुढच्या सीनला हिरो दहा गुंडांना उडवतो. इथे तसं होत नाही. मच्छिंद्रनाथांनी माशाच्या पोटात असतानाच शंकराचा उपदेश ऐकला होता. म्हणजे जन्माच्या आधीच पहिला क्लास झालेला! तरीही त्यांना बदरिकाश्रमात जाऊन बारा वर्षं तप करावं लागतं, दत्तात्रेयांकडून विद्या घ्यावी लागते. त्यानंतरही काम संपत नाही. साबरी विद्येसाठी ते सप्तशृंगीला जातात, देवी त्यांना एका पर्वतावरच्या झाडापाशी नेते आणि तिथल्या दैवतांना एकेक करून प्रसन्न करून घ्यायला त्यांना कित्येक महिने फेऱ्या माराव्या लागतात.

म्हणजे नऊच्या नऊ जण टॅलेंटच्या बाबतीत बरोबरीत सोडले की त्यांच्यात उरलेला फरक फक्त शिकण्याचा. मालू कवीने हे ठरवून केलं की परंपरेतून तसंच आलं, ते बाजूला ठेवू. कथेत मात्र ते पक्कं बसलंय.

गृहपाठातून जन्मलेला नाथ

यातली माझी सगळ्यात आवडती गोष्ट गहिनीनाथांची आहे.

मच्छिंद्रनाथ आणि गोरखनाथ कनकगिरीला मुक्कामाला असतात. गुरूने संजीवनी मंत्र दिलेला आहे आणि गोरखनाथ एकटे बसून तो पाठ करतायत. सरळ घोकंपट्टी. तेवढ्यात गावातली पोरं येतात आणि चिखलाची गाडी करून द्या म्हणून मागे लागतात. गाडी झाल्यावर पोरांना गाडीवान हवा असतो. गोरखनाथ चिखलाचा माणूस करायला घेतात, पण तोंडाने मंत्र चालूच. बाहुला पूर्ण होतो आणि जिवंत होतो. पोरं भूत भूत करत पळतात. त्या बाहुल्यात करभाजन नारायणाचा संचार झालेला असतो. तेच गहिनीनाथ. पुढे हे बाळ मधुनाभा नावाच्या ब्राह्मणाच्या घरी वाढतं.

बघा, मंत्र गोरखनाथांच्या अंगात नव्हता. तो गुरूकडून घेतलेला होता आणि पाठांतर चालू होतं म्हणून तो तोंडात होता.

पुढे ही साखळी कथेतून बाहेर पडून थेट मराठी साहित्यात येते. मच्छिंद्रनाथ, गोरखनाथ, गहिनीनाथ, त्यांच्याकडून निवृत्तिनाथ आणि निवृत्तिनाथांकडून ज्ञानेश्वर. ही परंपरा खुद्द ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायात सांगितलेली आहे. ज्यांच्या प्रतिभेबद्दल महाराष्ट्रात दुमत नाही, तेही ग्रंथ पूर्ण करताना आधी आपल्या गुरूंची यादी देतात.

तोडणं सोपं, जोडणं अवघड

शिकलेला कोण आणि पूर्ण शिकलेला कोण, हे पोथी एका आमराईत दाखवते.

कानिफनाथ शेकडो शिष्यांचा लवाजमा घेऊन निघालेत. वाटेत त्यांना एकटे गोरखनाथ भेटतात. आपली विद्या दाखवायची म्हणून कानिफनाथ जागेवरून न हलता मंत्राने झाडाचे आंबे खाली उतरवतात. सगळे पोटभर खातात. मग गोष्ट निघते, की उरलेले आंबे परत फांदीला लावता येतील का? कानिफनाथांना ते अशक्य वाटतं. गोरखनाथ संजीवनी मंत्राने ते होते तसे देठाला लावून दाखवतात. हाच तो मंत्र, जो ते चिखल तुडवता तुडवता पाठ करत होते.

कानिफनाथ काही अडाणी नव्हते बरं का. जालिंदरनाथांसारखा गुरू त्यांना लाभला होता. कमी पडलं ते शिक्षण नव्हे, 'आता मला सगळं येतं' ही समजूत आड आली. आणि इथे एक गंमत आहे. या सामन्यानंतर दोघांनाही आपापल्या गुरूचा पत्ता एकमेकांकडून कळतो. जालिंदरनाथ गोपीचंद राजाने घोड्याच्या लिदीखाली पुरलेले असतात आणि मच्छिंद्रनाथ स्त्रीराज्यात संसारात रमलेले असतात. गुरूला सोडवायला शिष्य जातो. प्रभातने 1932 मध्ये काढलेल्या 'मायामच्छिंद्र'मध्ये हीच स्त्रीराज्याची गोष्ट आहे. विद्या एकदा मिळाली की कायमची, असं इथे गुरूच्या बाबतीतही नाही.

अर्धवट शिकलेल्या पोराचं काय होतं?

रेवणनाथांची गोष्ट मला जास्त आजची वाटते. नदीकाठी वाळूत सापडलेलं मूल एका शेतकऱ्याच्या घरी वाढतं. शेतात काम करताना त्याला दत्तात्रेय भेटतात आणि सगळी विद्या न देता एकच सिद्धी देतात. पोरगं खूश! सिद्धीला हाक मारायची आणि धान्याच्या राशी सोन्याच्या करून घ्यायच्या. गावात नाव होतं, पंगती उठतात, लोक 'सिद्ध' म्हणायला लागतात. आजच्या भाषेत, एक रील व्हायरल झाली.

मग मच्छिंद्रनाथ त्या गावात येतात. त्यांच्या अंगाखांद्यावर रानातली जनावरं, पाखरं बिनधास्त खेळताना रेवणनाथांना दिसतात. ते आपल्या सिद्धीला सांगतात, माझ्याशीही असंच वागायला लाव. सिद्धी म्हणते, हे माझ्याने होणार नाही, त्याला वेगळं ज्ञान लागतं. तेव्हा पोराच्या लक्षात येतं की आपल्याकडे जे आहे ती फक्त सुरुवात होती. घरदार सोडून तो पुन्हा गुरूच्या शोधात निघतो.

आणि जो अवतार नाही त्याचं काय? पोथीत तोही आहे. माणिक नावाचा साधा शेतकरी. गोरखनाथ भुकेले येतात, तो भाकरी देतो. काय हवं ते माग म्हटल्यावर तो म्हणतो, तुमच्याकडेच काही नाही, मला काय देणार, तुम्हीच मागा. गोरखनाथ मागतात ते असं, की तुझ्या मनात जे करायचं येईल ते करू नकोस. कबूल! डोक्यावरचं ओझं खाली ठेवावंसं वाटलं, म्हणून तो ठेवत नाही. घरी जावंसं वाटलं, म्हणून जात नाही. वर्षानुवर्षं तसाच शेतात उभा. गोरखनाथ परत येऊन बघतात तर हा तिथेच. तेव्हाही तो कुणाचा शिष्य व्हायला तयार नाही. शेवटी गोरखनाथ म्हणतात, बरं, तूच माझा गुरू हो, आणि या युक्तीने त्याला मंत्र देतात. हे अडभंगनाथ. अवतारांच्या यादीत नाव नाही, तरी नाथ झाले.

अर्थात पोथीतली सगळीच गुरुभक्ती आज उचलण्यासारखी नाही. गुरूला आणखी एक वडा हवा म्हणून गोरखनाथ स्वतःचा डोळा काढून देतात. कथेत गुरू तो परत बसवतो, प्रत्यक्षात असं मागणाऱ्यावर पोलीस केस होते. दैवी शक्ती असल्याचा दावा करून लोकांना फसवणाऱ्यांसाठी महाराष्ट्रात 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. साबरी मंत्र झटपट सिद्ध करून देतो म्हणणारा कुणी भेटलाच तर मच्छिंद्रनाथांची बारा वर्षं आठवा.

मायंब्याच्याच तालुक्यातला एक धावपटू

मंत्र सोडून खऱ्या माणसाकडे येऊ. अविनाश साबळे आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा. शेतकऱ्याचं पोर, लहानपणी शाळेसाठी 6 किलोमीटरची पायपीट. बारावीनंतर सैन्यात, महार रेजिमेंटमध्ये. सियाचीनला ड्युटी केली. 2015 मध्ये सैन्याच्या क्रॉस कंट्री शर्यतीत उतरला. पुढे अमरीश कुमार या प्रशिक्षकांनी त्याला स्टीपलचेसकडे वळवलं. 3000 मीटरची शर्यत, वाटेत 28 अडथळे आणि 7 वेळा पाण्यावरून उडी.

2018 मध्ये त्याने गोपाळ सैनी यांचा 1981 पासून टिकलेला राष्ट्रीय विक्रम मोडला. 2022 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्यपदक मिळालं आणि सोनं हुकलं ते सेकंदाच्या पाच शतांशाने. 2023 मध्ये आशियाई स्पर्धेत सुवर्ण. 2024 मध्ये पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये 8 मिनिटं 9.91 सेकंद.

पाय अंगचेच होते, हे कोण नाकारणार? पण शाळेपर्यंतचं चालणं आणि पाण्याच्या अडथळ्यावर पाय कुठे टाकायचा हे कळणं, यांच्यामध्ये सैन्य आणि एक प्रशिक्षक आहे. ती सोय त्याला गावात मिळाली नाही. ती मिळेपर्यंत तो विशीत होता.

दिवाळीच्या आसपास बीड जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात, त्यांच्यासोबत पोरंही जातात. शाळा मध्येच सुटते ती पट्टा पडेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत. फडात कोयत्याच्या मागे धावणाऱ्या त्या पोरांत कोण किती वेगाने धावतं, याची वेळ लावायला तिथे कुणी नसतं.