बुरशीनाशकांचे अवशेष आणि उपकारक बुरशी

आमच्या व्यापारी बांधवांपैकी कित्येकांच्या दुकानी बी-बियाण्यांच्या शेजारी बुरशीनाशकेही असतात. कित्येकांचा बेदाण्याचा व्यापार आहे. श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांत विषवाणिज्याची गणना आहे. म्हणून विकलेल्या औषधाचे पुढे काय होते, हा प्रश्न केवळ शास्त्रज्ञांचा नसून आमचाही आहे.

द्राक्षवेलीवरील केवड्यावर मोरचूद व चुना यांचे बोर्डो मिश्रण गुणकारी असल्याचे फ्रान्समध्ये मिलार्दे यांनी १८८५ साली प्रसिद्ध केले. पुढे कार्बेन्डाझिमसारखी सेंद्रिय रसायने आली. त्यांचा अंश मालावर व मातीत उरतो. ज्या औषधाची स्वतंत्र मर्यादा ठरलेली नाही, त्यास युरोपात किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम एवढीच सर्वसाधारण मर्यादा आहे. ती ओलांडली की माल अडतो.

या अंशाचा निकाल लावण्यास निसर्गाची एक योजना उपयोगी पडते. लाकूड कुजविणाऱ्या फॅनेरोकीट नामक बुरशीची विकरे लिग्निनसारखा चिवट पदार्थ फोडतात; तीच बुरशी डीडीटीचेही विघटन करते, असे अमेरिकेत १८८५ नंतर बरोबर शंभर वर्षांनी, म्हणजे १९८५ साली, दिसून आले. लाकडास लावावयाचे पेंटाक्लोरोफेनॉल हे बुरशीनाशकही ती फोडते. आमच्या परिचयाच्या ट्रायकोडर्माचे काही वाण कार्बेन्डाझिमचा रेणू तोडून त्याचे साधे पदार्थ करतात.

तथापि मर्यादा ध्यानी घ्याव्यात. कार्बेन्डाझिम सामान्य ट्रायकोडर्मासच मारते; यास्तव वाण सहनशील हवा आणि दोहोंचे मिश्रण एकाच टाकीत करू नये. बुरशीस ओल व चांगले कुजलेले शेणखत लागते. तांबे हे मूलद्रव्य असल्याने बोर्डोतील तांबे कोणतीही बुरशी नाहीसे करू शकत नाही. शिवाय हे काम सावकाश चालते. आज घातलेली भुकटी उद्याचा माल शुद्ध करीत नाही.

कोणी म्हणेल, बुरशीही अनंतकायच. ती वाढविण्यात हिंसा नाही काय? शंका रास्त आहे. शेती व तीवरील व्यापार उद्योगी हिंसेपासून सर्वथा मुक्त नाहीत. यत्नाने ती उणी करणे एवढेच गृहस्थाच्या हाती आहे. तेव्हा औषध देताना त्याचे प्रमाण व फवारणीनंतर काढणीपर्यंत सोडावयाचे दिवस शेतकऱ्यास स्पष्ट सांगावेत, गरजेपेक्षा अधिक माल त्याच्या गळ्यात मारू नये आणि बेदाणा घेताना तपासणीचा दाखला मागावा. विष मुळातच कमी विकले गेले, तर बुरशीचेही काम हलके होईल आणि आमच्या वहीतील जमेची बाजूही निर्मळ राहील.