डायलिसिस पुरेसं होतंय का, ते कसं ओळखायचं?

ताईंनो, मागच्या महिन्यात एका गटाच्या बैठकीत बचतीचा हिशोब संपला, तेव्हा एका ताईंनी पिशवीतून रिपोर्ट काढला. "यांचा युरिया या वेळी कमी आलाय. म्हणजे डायलिसिस चांगलं होतंय ना?" त्यांचे मालक आठवड्यातून तीनदा तालुक्याला डायलिसिसला जातात. मला तेव्हा नीट सांगता आलं नाही. मग सेंटरवरच्या टेक्निशियनदादांकडून समजून घेतलं, ते इथे लिहिते.

एकटा युरिया बघून काही कळत नाही. माणसाचं जेवण तुटलं तरी युरिया कमी येतो, आणि त्या ताईंचे मालक तर महिनाभर अर्धीच भाकरी खात होते! म्हणून एकाच दिवशीचे दोन युरिया लागतात, डायलिसिसच्या आधीचा आणि नंतरचा.

त्यावरून पहिलं माप निघतं, यूआरआर. म्हणजे युरिया किती टक्के उतरला. समजा आधी 140 होता, नंतर 56 झाला. उतरला 84. याला 140 ने भागून 100 ने गुणा, आले 60 टक्के. आपण कर्जाचं व्याज काढतो, त्याहून सोपं. आठवड्याला तीन डायलिसिस असतील तर निदान 65 टक्के हवेत. म्हणजे 56 दिसायला छान, पण डायलिसिस कमीच पडलं.

दुसरं माप केटी बाय व्ही. नावाला घाबरू नका. के म्हणजे फिल्टर मिनिटाला किती रक्तातून युरिया साफ काढतो, टी म्हणजे वेळ, आणि व्ही म्हणजे अंगातलं एकूण पाणी. 60 किलोच्या पुरुषाच्या अंगात साधारण 36 लिटर पाणी असतं. फिल्टरने मिनिटाला 200 मिली साफ केलं तर चार तासांत झाले 48 लिटर. 48 भागिले 36, म्हणजे 1.3. किमान 1.2 लागतं, डॉक्टर 1.4 गाठायला बघतात. आता तोच माणूस एसटी चुकेल म्हणून तासभर आधी उठला तर? 36 भागिले 36, फक्त 1.

यूआरआर सोपं, पण डायलिसिसमध्ये दोन-तीन लिटर पाणी काढलं जातं ते त्यात धरलेलं नसतं. रिपोर्टवरच्या केटी बाय व्हीच्या सूत्रात ते धरतात, म्हणून डॉक्टरांचा भरवसा त्यावर जास्त. मला वाटतं, घरी आपण यूआरआर काढावं आणि डॉक्टरांना केटी बाय व्ही विचारावं. एक मात्र बघा, नंतरचं रक्त मशीनचा पंप हळू करून घ्यायचं असतं. घाईत घेतलं तर दोन्ही आकडे खोटेच चांगले येऊ शकतात.

ज्यांचं डायलिसिस आठवड्यातून दोनदाच होतं, त्यांनी 1.2 आलं म्हणून निश्चिंत होऊ नये. तो आकडा तीनदावाल्यांचा आहे. आपल्याला किती लागेल ते डॉक्टरच सांगतील, लघवी किती होते हे बघून. आणि पायाची सूज, बीपी, पोटॅशियम यातलं काहीच या मापांत दिसत नाही, ते वेगळं बघावं लागतं.

त्या ताईंनी आता जुन्या वहीत रकाने आखलेत: तारीख, आधीचं वजन, नंतरचं वजन, किती तास. युरियाची तपासणी महिन्यातून एकदा होते, तास मात्र दर वेळी लिहायचे. पहिल्याच आठवड्यात कळलं, तीनपैकी दोनदा मालक सव्वातीन तासांतच उठले होते. आता ते नंतरच्या एसटीने येतात.