दिव्याचा धूर आणि पितृऋण

दिवा आपल्या माजघरांत लागतो. त्याचा धूर मात्र चंद्रपूर किंवा कोराडी येथील धुरांड्यांतून निघतो. म्हणूनच आपणही धूर करतों असें सुशिक्षित गृहस्थासही वाटत नाहीं. भारतांत आजही बहुतांश वीज कोळशापासून होते, आणि तिच्या एका युनिटामागें सुमारें ७०० ग्रॅम कर्बद्विप्राणिद वायु वातावरणांत जातो. लिटरभर पेट्रोल जाळलें म्हणजे तोच वायु सुमारें २.३ किलो निघतो. पाऊण किलो वजनाच्या पेट्रोलांतून इतका भार कसा, असें कोणी विचारील. तर त्यांतील कर्ब हवेंतील प्राणवायूशीं संयोग पावतो, हें उत्तर.

उपाय तीन ठिकाणीं करावयाचा. एका घरांतून चार दुचाक्या चार दिशांस धांवण्याऐवजीं जवळचें काम पायीं व दूरचें आगगाडीनें वा बसनें करावें. गच्चीस चुना द्यावा, पश्चिमेच्या खिडकीवर बाहेरून छाया करावी. वातानुकूलन यंत्र २० ऐवजीं २४ अंशांवर ठेवावें, कारण प्रत्येक अंशामागें सुमारें ६ टक्के वीज वांचते. गच्चीवर सौर पट्ट बसवावेत; त्यासाठीं केंद्र सरकारनें २०२४ सालीं साहाय्ययोजना काढली आहे.

एकत्र कुटुंबास हें अधिक सुकर. दहाजणांस एकच गच्ची, एकच चूल. पितृऋण संततीच्या द्वारें फिटतें, अशी आपली परंपरागत समजूत आहे. नातवंडांच्या हातीं तापलेली पृथ्वी देऊन तें कसें फिटावें, याचा विचार वाचकांनीं आज रात्रीं पंक्तींतच करावा, अशी आमची विनंती आहे.