किराणा दुकानातील कचरा आणि ग्रामपंचायत

वाशिम जिल्ह्यातील खेड्यांत किराणा दुकान हे बाजारपेठेचे शेवटचे टोक होय. गावात येणारी बरीचशी वेष्टने याच दारातून येतात. म्हणून कचऱ्याचा विचारही तेथूनच सुरू करणे इष्ट ठरेल.

दुकानातील सर्वच कचरा निरुपयोगी नसतो. पुठ्ठ्याची खोकी व रद्दी भंगारवाला वजनावर घेतो. साखर-डाळीची रिकामी चुंगडी सोयाबीन, तूर भरण्यास शेतकरी आनंदाने नेतात. याची चिंता शासनाने वाहावी असे नाही. व्यवहारच ती वाहतो. तेलाच्या डब्याबाबत मात्र सावधगिरी हवी. एकदा वापरलेल्या डब्यात विक्रीसाठी पुन्हा खाद्यतेल भरण्यास अन्नसुरक्षा नियमांनी मनाई केली आहे.

खरा प्रश्न आहे तो शाम्पू, मसाले, वेफर्स यांच्या लहान पुड्यांचा. प्लास्टिक व ॲल्युमिनियम यांचे पातळ थर एकमेकांस चिकटवून यांपैकी अनेक वेष्टने तयार होतात. त्यामुळे माल टिकतो. परंतु थर वेगळे करणे परवडत नाही आणि भंगारवाला त्यास हात लावीत नाही. ही वेष्टने मग नालीत, उकिरड्यावर वा जनावराच्या पोटात जातात. पोळ्याला ज्याची पूजा करावयाची, त्याच बैलाच्या चाऱ्यात ती यावीत, हे खेदजनक होय. ती जाळल्यास विषारी धूर होतो.

महाराष्ट्र शासनाने २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेन्वये प्लास्टिक पिशव्यांवर बंदी घातली. तथापि, पिशवी गेली म्हणून वर्तमानपत्राच्या कागदात साखर बांधणे हा उपाय नव्हे. छपाईच्या शाईतील घातक द्रव्ये अन्नात उतरू शकतात. २०१८ च्याच वेष्टनविषयक केंद्रीय नियमांनी त्यासही मनाई केली आहे. कोरा कागद, किंवा त्याहून उत्तम म्हणजे ग्राहकाची स्वतःची कापडी पिशवी व डबा, हाच मार्ग उरतो. शिक्षकांनी ही गोष्ट विद्यार्थ्यांमार्फत घरोघरी पोहोचवावी.

उरलेल्या वेष्टनांसाठी दुकानात एक स्वतंत्र चुंगडे ठेवावे. सडलेले कांदे-बटाटे त्यात पडता कामा नयेत. ओल लागली की सारेच वाया जाते. स्वच्छ भारत अभियान (ग्रामीण) च्या २०२० पासूनच्या दुसऱ्या टप्प्यात तालुकास्तरावर प्लास्टिक कचरा व्यवस्थापन केंद्राची तरतूद आहे. अडचण आहे ती वाहतुकीची. दोन चुंगड्यांसाठी तालुक्यापर्यंत वाहन पाठविणे एकट्या ग्रामपंचायतीस परवडणारे नाही. शेजारच्या चार-पाच ग्रामपंचायतींनी ठराव करून महिन्यातून एक सामाईक फेरी ठरविल्यास खर्च वाटला जाईल. तोवर माल दुकानाच्या मागील खोलीत ठेवता येतो. स्वच्छ व कोरडे वेष्टन कुजत नाही.