चेकाचें चित्र आणि पेटंटाची चतुःसीमा

मोबाइल फोनवरून पैशाची देवघेव करणें आतां खेड्यापाड्यांतही परिचयाचें झालें आहे. परंतु या सोयींच्या मागें मालकी कोणाची असते, त्या मालकीवरून बँकांमध्यें कसे दावे चालतात, आणि त्यांतून शेतकऱ्यांच्या मंडळांनीं काय बोध घ्यावा, याचा विचार आपल्याकडे फारसा झालेला दिसत नाहीं. म्हणून अमेरिकेंतील एका गाजलेल्या वादाच्या आधारें हा विषय वाचकांपुढें मांडण्याचें योजिलें आहे.

प्रथम पेटंट म्हणजे काय तें पाहूं. नवीन युक्ति शोधून काढणारानें ती सरकारास सविस्तर लिहून द्यावी. ती खरोखर नवीन ठरल्यास सरकार त्यास ठराविक मुदतीचा मक्ता देतें. त्या मुदतींत त्याच्या संमतीवांचून ती वस्तु कोणीं करूं नये, वापरूं नये वा विकूं नये. आपल्या देशांत १९७० च्या कायद्याखालीं ही मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षांची आहे. जमिनीच्या सनदेंत जशी चतुःसीमा लिहिलेली असते, तशीं पेटंटांतही हक्काचीं कलमें असतात. त्या शब्दांच्या आंत जें येईल तेवढ्यावरच मालकी. यास्तव पेटंटाच्या दाव्यांत दोन प्रश्न उभे राहतात. पहिला, प्रतिवादीनें बांध कोरला आहे काय? दुसरा, मुळांत ती जमीन कोणा एकाच्या नांवें करून देण्याजोगी होती काय, कीं तें गांवचें गायरान होतें?

आतां मूळ हकीकत. अमेरिकेंत टेक्सास प्रांतीं सॅन अँटोनियो या शहरीं युनायटेड सर्व्हिसेस ऑटोमोबाइल असोसिएशन नांवाची संस्था आहे. १९२२ सालीं २५ लष्करी अधिकाऱ्यांनीं एकमेकांच्या मोटारींचा विमा उतरविण्यासाठीं ती काढिली. सभासद लष्करी पेशाचे, म्हणून देशोदेशीं विखुरलेले. संस्थेच्या शाखा मात्र अगदीं थोड्या. चेक आला कीं तो टपालानें धाडावा लागे. पुढें अमेरिकेंत २००३ सालीं एक कायदा होऊन तो २००४ च्या ऑक्टोबरांत अंमलांत आला. त्यायोगें मूळ चेकाऐवजीं त्याच्या चित्रावरून काढलेली नियमबद्ध प्रत ग्राह्य ठरली. या वाटेनें जाऊन सदरहू संस्थेनें २००९ सालीं अशी सोय केली कीं, सभासदानें फोननें चेकाच्या दोन्ही बाजूंचें छायाचित्र घ्यावें, तें पाठवावें, आणि रक्कम खात्यांत जमा व्हावी. या पद्धतीबद्दल तिनें अनेक पेटंटें मिळविलीं.

ही सोय लवकरच इतर बँकांनींही सुरू केली. तेव्हां संस्थेनें २०१८ सालीं वेल्स फार्गो या मोठ्या बँकेवर टेक्सासमध्यें दावा लाविला. नोव्हेंबर २०१९ मध्यें ज्यूरीनें २० कोटि डॉलर, आणि दुसऱ्या दाव्यांत जानेवारी २०२० मध्यें आणखी १० कोटि २८ लक्ष डॉलर नुकसानभरपाई ठरविली. २०२१ सालीं उभयतांत तडजोड झाली. पुढें पी. एन. सी. या बँकेवरही दावे होऊन २०२२ सालीं एका निकालांत २१ कोटि ८० लक्ष व दुसऱ्यांत ४३ लक्ष डॉलर ठरले.

पी. एन. सी. बँकेनें अपील केलें. जून २०२५ मध्यें पेटंटांचीं अपिलें ऐकणाऱ्या वरिष्ठ न्यायालयानें तिच्याविरुद्धचे हे निकाल फिरविले. न्यायालयाच्या म्हणण्याचा आशय असा : चेक पाहणें, त्यावरील आंकडे वाचणें, चूक आहे कीं काय तें तपासणें व नोंद ठेवणें हीं कामें बँका पूर्वींपासून करीत आल्या आहेत. तींच कामें नेहमींच्या फोनकडून करवून घेणें हा फोनच्या यंत्रांतील नवा शोध नव्हे. ती केवळ कल्पना होय, आणि कल्पनेस पेटंट नाहीं. याच तत्त्वाचा पाया तेथील सर्वोच्च न्यायालयानें २०१४ सालीं ॲलिस कंपनीच्या खटल्यांत घातला होता. तेथेंही दोन पक्षांमधील देण्याघेण्याचा निकाल तिऱ्हाइतामार्फत संगणकानें लावण्याचीं पेटंटें रद्द ठरलीं होतीं. सारांश, प्रश्न बांधाचा उरला नाहीं; जमीनच गायरान ठरली.

या निकालाविषयीं दोन्ही बाजूंनीं बोलतां येईल. ज्या संस्थेनें प्रथम खटपट व खर्च केला तिच्या हातीं कांहीं राहूं नये हें कित्येकांस अन्याय्य वाटेल. उलट, चेकाचें चित्र पाठविण्याची वाटच एकाच्या मालकीची झाली, तर इतर बँकांस पट्टी द्यावी लागेल व ती अखेरीस खातेदाराच्या माथीं बसेल. आमच्या मतें दुसरी बाजू अधिक वजनाची आहे. विशिष्ट यंत्र वा विशिष्ट कृति ज्यानें शोधिली त्याची तिजवर मालकी असावी. पण इष्ट फळ मिळविण्याच्या सगळ्याच वाटा त्यानें अडवूं नयेत.

आपल्या १९७० च्या कायद्याच्या तिसऱ्या कलमांत हा विवेक आधींच केलेला आहे. व्यापाराची रीत, गणिताची रीत व निव्वळ संगणकाचा कार्यक्रम यांस पेटंट नाहीं. मात्र ज्या शोधानें यंत्राच्या कामांत खरी तांत्रिक सुधारणा होते तो केवळ संगणकाशीं निगडित आहे म्हणून नाकारूं नये, असें दिल्ली उच्च न्यायालयानें २०१९ सालीं सांगितलें आहे. त्याच तिसऱ्या कलमांत शेतीच्या व बागाइतीच्या पद्धतीसही पेटंट नाहीं असें स्पष्ट म्हटलें आहे, हें आमच्या बंधूंनीं ध्यानांत ठेवावें. पेरणीची वा छाटणीची रीत आपल्या मालकीची आहे असें सांगून कोणी पैसे मागूं लागल्यास त्यास हें कलम दाखवावें. अवजार मात्र पेटंटास पात्र होऊं शकतें.

आतां व्यवहाराच्या तीन गोष्टी. पहिली : चेकाचें चित्र टिपण्याची सामग्री वेल्स फार्गोनें मिटेक नामक कंपनीकडून घेतली होती, तरी दावा झाला तो वापरणाऱ्या बँकेवर. आपल्या कायद्यांतही परवानगीवांचून वापरणें हा हक्कभंगच होय. म्हणून मंडळासाठीं हिशेबाची संगणक-व्यवस्था, फवारणीचें यंत्र किंवा काढणीचें यंत्र घेतांना करारांत एक कलम अवश्य लिहून घ्यावें कीं, पेटंटाचा तंटा उद्भवल्यास त्याचा खर्च व भरपाई विकणारानें सोसावी.

दुसरी : पेटंट आहे एवढें ऐकून घाबरून जाऊं नये. त्याचा नंबर विचारावा, तें आपल्या देशांत चालू आहे काय, मुदत उरली आहे काय व कलमांत काय लिहिलें आहे, हें जाणत्याकडून तपासून घ्यावें. पेटंट मिळालें म्हणजे तें अढळ झालें असें नाहीं. फेरफाराच्या नोंदीस जशी हरकत घेतां येते, तशी पेटंटाचा अर्ज प्रसिद्ध झाल्यावर, मंजुरीपूर्वीं, कोणासही हरकत घेतां येते.

तिसरी : आपल्यापैकीं कोणी नवें अवजार घडविलें असेल, तर तें प्रदर्शनांत मांडण्यापूर्वीं वा या मासिकांत छापण्यापूर्वीं अर्जाचा विचार करावा. एकदां जगजाहीर झालेली युक्ति साधारणपणें नवीन राहत नाहीं. अर्जांत कलमें लिहितांना फळाचें वर्णन न करितां कृतीचें करावें, म्हणजे फाळ कोठें बसविला, कोणत्या कोनानें बसविला व त्यामुळें काय सुधारलें. हें नेमकें लिहिलेलें असल्यास पुढें तंटा झाला तरी आपली बाजू मांडण्यास आधार राहील.

— एक सेवानिवृत्त महसूल कारकून